भीमेकाठची फाशी

मी गुरांचा डॉक्टर होतो. बारामतीत लोक ‘ढोरडॉक्टर’ म्हणत. तो शब्द चेष्टेनं म्हटलाय की मायेनं, हे म्हणणाऱ्याचं जनावर जगलंय की मेलंय यावर अवलंबून असे. माझ्या धाकट्या भावानं माणसांची डॉक्टरकी केली. लग्नकार्यात त्याच्याभोवती पाहुण्यांचं कोंडाळं जमे, कुणी जीभ दाखवी, कुणी मनगट पुढं करी. माझ्याकडं जो येई तो नमस्कार-चमत्काराआधीच म्हशीच्या कासेपासून सुरुवात करी. तरीही दोघांत धंद्याचं समाधान कुणाला जास्त मिळालं असं कुणी विचारलं, तर मी हात वर करीन, आणि माझा भाऊही तो खाली ओढणार नाही.

हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांची अट एवढीच आहे की धंद्यातलं लिहा, पण बाहेरच्या माणसाला कळेल असं लिहा. तेव्हा नोकरी कशी लागली, बदल्या कुठं झाल्या, कोणत्या साहेबानं काय शेरा मारला, हे सगळं सोडून देतो आणि ज्यांच्या संगतीत आयुष्य गेलं त्या जंतूंकडं वळतो.

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागात जंतू म्हटलं की लोकांपुढं पोटातले जंत नाहीतर डाळिंबातली अळी येई. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी बैल मारतं, असं म्हटलं की ऐकणारा मान डोलावी आणि घरी जाऊन देवऋषी बोलावी. त्याचंही चुकत नव्हतं. न दिसणारं जे मारतं ते त्याच्या हिशेबी त्याच खात्यातलं. माझ्याजवळ देवऋष्यापेक्षा एकच गोष्ट जास्त होती, ती म्हणजे दवाखान्यातला पितळी सूक्ष्मदर्शक. मी न दिसणारं दाखवू शकत होतो.

जंतू म्हणजे एकाच पेशीचा जीव. हात नाही, पाय नाही, तोंड नाही. आमच्या वेळच्या पुस्तकांनी त्याला वनस्पतींत बसवलं होतं. आता म्हणे त्याला वेगळं घर दिलंय. त्याला नर-मादी नाही. तो खातो, लांब होतो आणि मधोमध तुटून दोन होतो. ऊब आणि अन्न मिळालं तर सकाळी एक होता तिथं संध्याकाळी त्याची मोजता न येणारी वस्ती होते. एवढ्याशा जिवाची ओळख पटवायची तर आधी आकार पाहायचा. काही वाटाण्यासारखे गोल असतात. त्यातले काही माळेसारखे ओळीनं राहतात, काही द्राक्षाच्या घोसासारखे गोळा होऊन. काही काठीसारखे. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा. काही मळसूत्रासारखा पीळ घेतलेले. पण पटका बांधलेले सगळेच एका गावचे नसतात, तसं नुसत्या आकारावर भागत नाही. मग त्यांना जांभळा रंग पाजून मद्यार्कानं धुवायचं. काही रंग धरून बसतात, काही सोडून देतात. कुणाला हवा लागते, कुणी हवेत मरतो. फऱ्या या गुरांच्या रोगाचा जंतू हवेला असा भितो की वासराच्या मांडीत खोलवर दडून बसतो. आणि काही थोडे असे असतात की दिवस वाईट आले की बीज धरतात. त्यांच्याविषयी पुढं बोलायचंच आहे.

सगळेच मारणारे नसतात, हे मात्र लोकांना पटवणं अवघड. पणदऱ्याच्या कोंडाक्का माझ्याकडं म्हैस घेऊन यायच्या. एकदा त्यांनी येताना गाडगंभर दही आणलं. दही सुरेख होतं. मी कौतुकानं म्हणालो की हे लागतं तेही जंतूंमुळंच, आणि उत्साहाच्या भरात थेंबभर काचेवर पसरून, रंग देऊन त्यांना दाखवलं. लांब लांब काठ्या, मधे गोल दाण्यांच्या जोड्या. अक्कांनी बराच वेळ पाहिलं, मग सरळ उभ्या राहिल्या आणि गाडगं परत उचललं. “माज्या दह्यात किडं हायत म्हणता? माज्या सासूच्या हातचं इरजण हाय ते.” मी हे किडे चांगल्या घरचे आहेत, यांच्याशिवाय दही लागायचं नाही, असं परोपरीनं सांगितलं. त्यांचा राग गेला, पण दही घेऊनच गेल्या. पुढं कितीतरी दिवस पणदऱ्यात माझं नाव निघालं की बायका दह्यावर पदर टाकत, असं ऐकलं.

आता मूळ गोष्ट सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. डाळजच्या पलीकडं, भीमेच्या काठावर ते होतं, आणि तिथल्या माणसांची नातवंडं आज चांगली नांदताहेत.

चैत्र संपत आला होता. त्या गावच्या पाटलांचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे बापू म्हणत, बारामतीला माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्यांची जनावरं मरत होती. आधी पाटलांचा बैल गेला, मग शेजाऱ्याची गाय. दोन्ही आदल्या संध्याकाळी कडबा खाऊन रवंथ करत होती आणि सकाळी पाय ताठ करून पडलेली. माझ्याकडून बापूला औषध नको होतं. कागद हवा होता. गावातल्या महारवाड्यानं गुरांना विष घातलंय, माणसं चावडीत बसवून ठेवलीत, उद्या सकाळी इंदापुराहून फौजदार येणार, त्याच्या आधी डॉक्टरनं विष म्हणून लिहून द्यावं, असं त्याचं म्हणणं.

हा आळ काही नवा नव्हता. कातड्यासाठी गुरांना सोमलाचं विष घालतात, विषारी गुंजा वाटून केलेल्या सुया टोचतात, असे गुन्हे पूर्वी घडलेले होते आणि असले एक-दोन बैल मी स्वतः पाहिलेही होते. त्यामुळं मी बापूला खोटं ठरवलं नाही. पण आदल्या संध्याकाळी धडधाकट आणि सकाळी ताठ, हे ऐकल्यावर मी सूक्ष्मदर्शक पेटीत भरला, रंगाच्या बाटल्या बांधल्या आणि दवाखान्यात होतं तेवढं रक्तजल, म्हणजे टोचायचं सीरम, बरोबर घेतलं. सर्व्हिस मोटारीनं भिगवण आणि तिथून बैलगाडी. वाटेत बापूनं बाकीचं सांगितलं. त्या सालच्या सुरुवातीला महारवाड्यानं ठरवलं होतं की मेलेलं जनावर ओढायचं नाही आणि त्याचं मांस खायचं नाही. तसे ठराव अनेक गावांत होत होते. इथं पुढं झालेला माणूस हैबती. तो पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याकडं जाऊन आलेला, बोलायला कमी आणि ताठ. चावडीत गावानं त्याला परोपरीनं दटावलं, तो हलला नाही. त्यानंतर पाटलांचा बैल मेला, आणि गावाला उत्तर सापडलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिसरं जनावर पडलेलं होतं. पाटलांच्या त्याच जोडीतला दुसरा बैल, खिलारी, पांढराशुभ्र. पाटलांचं नाव यशवंतराव, गाव त्यांना आबा म्हणे. उंचापुरा, पन्नाशीचा माणूस, बैलाच्या मानेवर हात ठेवून जमिनीवरच बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, “वासरू व्हता तवापासनं माज्या हातचं खाल्लं ह्यानं.”

बैलाचं पोट फुगलेलं, नाकातून काळपट रक्त आलेलं. मी ते काडीनं हलवून पाहिलं. तासाभरात रक्त गोठायला हवं. हे डांबरासारखं पातळच होतं. अंगाला हात न लावता, काठीनं केस उलटे करत मी टोचल्याची खूण शोधली. सुई टोचली तर तिथं गाठ येते. तशी कुठं नव्हती.

बापू कोयता घेऊन आला. जनावर फाडा, कोठ्यात विष दिसेल, असा सगळ्यांचा आग्रह. मी फाडणार नाही म्हणालो आणि कुणाला फाडू देणार नाही असंही म्हणालो. घोळक्यात कुजबूज झाली. डॉक्टर फितला, असं कुणीतरी माझ्या पाठीमागं बोललं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तेवढ्यात माझी नजर बैलाच्या पायाशी उभ्या असलेल्या सालगड्याकडं गेली. त्याचं नाव गेनू. सदऱ्याची बाही वर सारलेली, आणि कोपराच्या खाली कोळशासारखी काळी खपली, भोवती पाण्याच्या बारीक फोडांचं कडं. मी हे कधी झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला दुखत नाही, काहीतरी चावलं असेल. दुखत नाही, याचीच मला भीती वाटली. “पहिला बैल कुणी सोलला?” मी विचारलं.

गेनूनं आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, “म्या सांगितलं त्याला. महारवाडा येईना. इहिरीची मोट फाटली व्हती, कातडं वाया कशापाई घालवायचं?”

रोगाचं नाव फाशी, इंग्रजीत अँथ्रॅक्स. जनावराला होतो तेव्हा फाशी, माणसाच्या अंगावर उठतो तेव्हा काळपुळी. माझी जवळजवळ खात्री झाली होती, पण जवळजवळ या शब्दावर चावडीतली माणसं सुटत नाहीत. आधी मी गेनूला भिगवण स्टेशनावर पाठवायला लावलं, पुण्याच्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली, आणि हातात काही धरू नको, खपलीला कुणाला हात लावू देऊ नको, असं बजावलं. गाडी जुंपायला बापूच गेला. मग बैलाच्या कानाच्या कडेला बारीक चीर देऊन काचेवर एक थेंब घेतला, कान फिनेलच्या चिंधीनं बांधला, नाकपुड्यांत फिनेलचे बोळे घातले. गोठ्यात एक जिवंत, धडधाकट बैल होता. त्याच्याही कानाचा थेंब दुसऱ्या काचेवर घेतला.

शाळेच्या ओसरीवर ऊन चांगलं येत होतं. मास्तरांनी टेबल दिलं. मी थेंब पातळ पसरले, वाळवले, दिव्याच्या ज्योतीवरून फिरवले आणि वर निळा रंग सोडला. हा रंग बाटलीत जितका जुना होईल तितका या कामाला चांगला. गाव भोवती उभं होतं. मी नळीला डोळा लावला, आरसा उन्हाकडं वळवला, आणि ते दिसले. मला अजूनही आठवतं की मी श्वास सोडला. निळ्या, सरळ, कापलेल्या टोकांच्या काठ्या, एकापुढं एक लागलेल्या, आणि प्रत्येकीभोवती जांभळट गुलाबी धूर. असं दुसऱ्या कुणाचं दिसत नाही.

मी एवढ्यावरच कागद लिहून देऊ शकलो असतो. पण माझ्या कागदावर विश्वास ठेवायचा म्हणजे माझ्यावर ठेवायचा, आणि गावानं मला आताच फितूर ठरवलं होतं. म्हणून म्हणालो की ज्याच्यावर आळ आहे त्याला आणा, त्यानं हे आधी पाहायला पाहिजे.

बापू तोवर परत आला होता. तो म्हणाला, “त्यानं डोळा लावला तर मागनं आमी कसा लावायचा?”

मी म्हणालो की मी प्रत्येकाच्या डोळ्यानंतर काच पुसतो, स्वतःच्यासुद्धा, आणि ज्याला चालत नसेल त्यानं पाहू नये, मात्र पाहिलं नाही त्यानं विषाचं नावही काढू नये. आबांनी चावडीकडं माणूस पाठवला.

हैबती आला. चाळिशीचा, अंगात जुना खाकी कोट, त्याची बटणं नीट लावलेली. दोन रात्री चावडीत काढलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. मी कसं पाहायचं ते सांगायला लागलो, पण त्यानं आपणहून एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला, बंदुकीचा नेम धरणाऱ्यासारखा. एरवी कुणालाही जमायला वेळ लागे. याला क्षणात दिसलं.

“ह्ये काय हाय?” त्यानं विचारलं.

“ज्यानं बैल मारला ते.”

तो पुन्हा वाकला, बराच वेळ पाहत राहिला. मग कुणा एकाकडं न बघता, शांतपणे म्हणाला, “आमी कातडंच नगं म्हणलं. कातडं नगं म्हणणारानं कातड्यापाई बैल कशाला मारावा?” बापू सुडापाई मारला असेल असं काहीतरी पुटपुटला, पण आवाज चढवला नाही.

मी काच पुसली आणि बाजूला झालो. आबा उठले. टेबलापर्यंत येऊन थांबले. त्या नळीला आताच कुणाचा डोळा लागला होता हे त्यांच्यासह सगळं गाव पाहत होतं. मग त्यांनी पटका मागं सारला आणि वाकले.

“मला माज्या पापण्याच दिसत्यात,” ते म्हणाले.

मी त्यांना डोळा थोडा दूर धरायला सांगितलं, आधी धडधाकट बैलाची काच लावली. नुसत्या गोल चकत्या हायत, ते म्हणाले. मी सांगितलं की त्या चकत्या म्हणजेच रक्त. मग त्यांच्या बैलाची काच लावली. त्यांच्या मळ्यात मोटेवरचा थोडा ऊस होता, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी पुढं नोकरीभर वापरलं.

“टिपऱ्या हायत,” ते म्हणाले. “उसाच्या लागणीला बेण्याच्या टिपऱ्या तोडून टाकल्यागत.”

मला हवं ते माणसानं स्वतःच दिलं होतं. मी म्हणालो, अगदी टिपऱ्या, आणि टिपरीला जसा कोंब फुटायचा डोळा असतो तसा हिलाही असतो. बैलाच्या अंगात, बंद, हवा नसताना हिला डोळा येत नाही. जनावर न फाडता ठेवलं तर ते आत कुजतं आणि या टिपऱ्या तिथंच मरून जातात. पण फाडलं, रक्त सांडलं, हवा लागली, की प्रत्येक टिपरीत एक डोळा धरतो. टिपरी वाळते, डोळा मरत नाही. ऊन, पाणी, थंडी काही त्याला लागू पडत नाही. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. मग एखाद्या उन्हाळ्यात नदी आटते, जनावरं काठच्या गाळावरचं आखूड गवत मुळासकट ओरबाडतात, मातीबरोबर डोळा पोटात जातो आणि फुटतो. ही गुरं कुठं चरत होती, असं मी विचारलं. आबांनी नदीच्या खोलगटीकडं बोट केलं. एक म्हातारा म्हणाला की त्याच्या लहानपणी तिथं मेलेली ढोरं टाकत असत.

त्यानंतर कुणी विषाचं नाव काढलं नाही. माणसांना चूक झाली असं वाटत होतं की नुसती भीती वाटत होती, ते सांगणं कठीण. बहुधा भीती. मी पुढची कामं सांगितली. सोललेलं कातडं गोठ्याच्या वळचणीला वाळत होतं, ते जाळायचं. रक्त सांडलेली माती उकरून जाळायची. आणि हा बैल न ओढता, पडलाय तिथंच, पुरुषभर खोल खड्डा खणून चुन्यात पुरायचा.

खड्डा म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना आपोआप हैबतीकडं वळल्या. बापूनं तर त्याला कुदळ कुठून आणायची तेही सांगितलं.

हैबतीनं मला विचारलं, “डाक्टर, कायद्यानं धरलेल्या माणसाला खड्डा खणाय लावता येतो का?”

मी म्हणालो की माझ्या माहितीत तरी नाही.

आबा म्हणाले, “तुला सोडलं.”

“मग म्या घरी जातो,” हैबती म्हणाला, आणि खरोखरच गेला. त्याच्याबरोबर चावडीत धरलेले दोघंही गेले.

त्याच्या पाठीकडं पाहत सगळे उभे होते. कुणीतरी पुढं होईल म्हणून मीही थांबलो. चुना कुठं मिळेल यावर बोलणं झालं, कुदळ कुणाकडं आहे यावर झालं. खणण्यावर कुणी बोललं नाही. मेलेल्या जनावराचं काम त्यांच्यातल्या कुणाच्या बापानं केलं नव्हतं. मग आबांनी धोतराचा काचा मारला, पटका काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि बैलाकडं चालू लागले. त्यांनी पहिला घाव घातला तेव्हा बापू त्यांच्या हातून कुदळ घ्यायला धावला. त्यांनी ती दिली नाही. बापूनं दुसरी आणली.

तोवर मी राहिलेल्या गुरांना रक्तजल टोचत होतो. गावाची संपली, मग महारवाड्याची दोन-तीन जनावरं आणली गेली. हैबती म्हशीची वेसण धरून उभा होता. तिथून खड्डा दिसत होता. काठाची जमीन रेताड, जेवढं खणावं तेवढं कडेनं ढासळे. आबा कमरेएवढे आत होते आणि माती पुन्हा पुन्हा पायांवर येत होती. हैबती खूप वेळ पाहत राहिला. मग वेसण दुसऱ्याच्या हातात देऊन तो काठावर गेला. खाली उतरला नाही, कुदळीला हात लावला नाही. म्हणाला, “उभा खणू नका. कड तिरकी घ्या, पायरी ठिवा. आमी बसऱ्याला खंदक असंच खणलं, तितंबी रेतीच व्हती.”

आबांनी वर पाहिलं. “कितपत तिरकी?”

हैबतीनं हातानं दाखवलं. त्यांनी तशी घेतली, आणि कड धरली. मधे एकदा-दोनदा त्यानं अजून सांगितलं, एकदा त्यांनी विचारलं. तेवढंच बोलणं झालं. अंधार पडायच्या आत बैल खड्ड्यात गेला, वर चुना पडला, माती लोटली, वर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कातडं आबांनी स्वतः जाळलं. त्या मोटेसाठी त्यांनी आपल्या सालगड्याचा जीव पणाला लावला होता, हे त्यांना कळलं असावं, कारण जळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

गेनू वाचला. पेनिसिलिन तेव्हा यायचं होतं. रक्तजल आणि सोमलापासून केलेली सुई, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. ज्या सोमलाचा आळ घेऊन गावानं माणसं धरली, त्याच सोमलाच्या सुईचा त्याला जगवायला आधार झाला. कोपराखाली खोल वण घेऊन तो परत आला. जुन्या रीतीप्रमाणं चाललं असतं तर बैल सोलायला महारवाडा गेला असता, आणि एकाऐवजी किती हातांवर काळपुळ्या उठल्या असत्या कुणास ठाऊक. एक खंत मात्र राहिली. सोललेला पहिला बैल आणि शेजाऱ्याची गाय मी पोचायच्या आधीच काठावर टाकली गेली होती आणि कुत्र्या-गिधाडांनी त्यांचं करायचं ते करून ठेवलं होतं. ती जागा मी राखून ठेवायला लावली, पण रोग तिथं पुढं पुन्हा एकदा उठला. मातीत पडलेले डोळे वेचता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. चावडीपुढं गाव जमलं. महारवाड्याची माणसंही आली होती, नेहमीसारखी लांब उभी. मी कागद दिला. त्यानं वाचला आणि आबांकडं वळून आरोपी कुठं आहेत म्हणून विचारलं.

आबा म्हणाले, “आरोपी न्हाईत सायेब. आजार हाय.”

“मग मला निरोप कुणी धाडला?”

“म्या धाडला. माजं चुकलं. हैबतीवर आणि त्याच्या वाड्यावर म्या खोटा आळ घेतला.” हे ते हळू म्हणाले असते तरी चाललं असतं. फौजदाराला तेवढं पुरलं असतं. पण त्यांनी आवाज चढवून, लांब उभे होते त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग दुकानदाराला नावानं हाक मारून, महारवाड्याला द्यायचं तेल-मीठ आळ घेतल्यापासून बंद आहे ते आता सुरू कर, म्हणून सांगितलं. बापू खाली बघत होता.

फौजदार चहा घेऊन गेला. माणसं पांगली. हैबती आपल्या माणसांतून निघून सरळ चावडीच्या पायरीपर्यंत आला. तो काय बोलणार याचा मला अंदाज येईना, आणि आबांनाही येत नसावा, कारण ते उठून उभे राहिले. हैबती त्यांच्या तळहातांकडं पाहत होता. कुदळीनं फोड आले होते, ते फुटून त्यांत चुना गेला होता, आणि कातडी लालभडक सोलवटली होती.

“पाण्यानं धुऊन गोडंतेल लावा, आबा,” तो म्हणाला. “न्हायतर भेगा पडत्यात. दोन दिस औताला हात लावू नगा.”

डॉक्टर मी होतो, आणि हेच सांगायला मी तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. आबांनी हात पुढं धरून त्याला नीट पाहू दिले आणि आत वळून तेल आणायला सांगितलं.